फळा, फोन आणि अम्मी

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. थोरलीच्या शाळेत पालकांना पेपर दाखवायला बोलावलं होतं. ती तेव्हा सहावीत होती. आम्ही बायका पोरांच्या बाकांवर अवघडून बसलो होतो. माझा नंबर आला तसा वर्गशिक्षिकेनं गणिताचा पेपर माझ्यासमोर ठेवला. पन्नासपैकी अकरा.

मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा पेपर आला. वरचं नाव वाचलं. पोर आमचीच होती.

"गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला तीन वेळा ॲपवर कळवलं," टीचर म्हणाल्या. "चाचणीचे मार्क टाकले, येऊन भेटा असंही लिहिलं. तिन्ही वेळा तुम्ही वाचल्याचं दिसतंय. एकदा तर 'ओके मिस' असं उत्तरही आलंय."

मी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. थोरली शेजारी उभी राहून बुटांकडे बघत होती. वाचणारी कोण आणि उत्तर देणारी कोण, हे आम्हा तिघींनाही एकाच वेळी कळलं.

त्या दिवशी घरी येताना मी रागावले नाही. रागवायला तोंडच उघडेना. बिंदू चौकापर्यंत आम्ही दोघी मुकाट चाललो. तिथं मी एवढंच विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?" तिनं हळूच उत्तर दिलं, "अम्मी, सब इंग्लिश में रहता. तेरे कू नै समजता."

पोर उद्धटपणे बोलली नव्हती. खरं तेच बोलली होती, म्हणून ते जास्त लागलं.

मी मराठी माध्यमातून दहावी झाले. थोरलीचे अब्बा उद्यमनगरात लेथवर काम करतात, त्यांचंही शिक्षण मराठीतच झालं. मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं ठरवलं तेव्हा नात्यात बरीच कुजबुज झाली. कुणी म्हणालं, फी झेपायची नाही. कुणी म्हणालं, तिथं क्रूस, मरियमची मूर्ती, पोरीवर काय संस्कार होणार? त्यावर माझ्या सासूबाई ठामपणे म्हणाल्या होत्या, "बीबी मरियमला आपण काय कमी मानतो? पोरगी शिकायला चाललीय, शिकू दे." कोल्हापुरात सेंट झेवियर्स आणि होली क्रॉस ही नावं घराघरात माहीत आहेत. आपल्या समाजातली पुष्कळ मुलं अशा मिशनरी शाळांतून शिकून मोठी झाली. थोरलीही चांगली रमली. अरबी शिकायला ती संध्याकाळी मोहल्ल्यातल्या आपांकडे जायची, सकाळी शाळेत. दोन्हीकडून तक्रार नव्हती.

मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. थोरली दुसरीतून तिसरीत गेली होती आणि धाकटा महापालिकेच्या शाळेत पहिलीत. घरात एकच स्मार्टफोन, तोही त्यांच्या अब्बांचा. कारखाने सुरू झाले तसे ते सकाळी फोन घेऊन जायचे आणि नेमका त्याच वेळी थोरलीचा ऑनलाइन वर्ग असायचा. धाकट्याचं त्या मानानं सोपं होतं. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बसायच्या आणि नातवाबरोबर त्याही बघायच्या. कार्यक्रम मराठीत होता, त्यामुळे आजीला तो कळायचा. तो संपल्यावर "आज काय शिकलास?" असं त्या विचारू शकायच्या. याचं महत्त्व तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

थोरलीसाठी मात्र दुसरा फोन घ्यावाच लागला. माझ्या दोन बांगड्या मोडल्या आणि लक्ष्मीपुरीतून एक वापरलेला फोन आणला. पोरीनं तो आठ दिवसांत शिकून घेतला. कॅमेरा बंद कसा करायचा, आवाज कसा दाबायचा, गृहपाठाचा फोटो कसा पाठवायचा, सगळं. मी कौतुकानं शेजारणींना सांगायचे, "आमची आठ वर्षांची पोरगी सगळं स्वतः करते!" ते कौतुक तीन वर्षांनी माझ्यावरच उलटलं. शाळा उघडली, पण ॲप राहिलं. फीची पावती, सुट्टीची सूचना, गृहपाठ, मार्क, सगळं ॲपवर आणि सगळं इंग्रजीत. ॲपला माझा नंबर जोडलेला, पण फोन पोरीच्या हातात. शाळेला वाटत होतं, आपण आईशी बोलतोय. मला वाटत होतं, काही असेल तर शाळा बोलावेल. मध्ये एक नऊ-दहा वर्षांचं लेकरू दोन्हीकडचे निरोप सांभाळत बसलं होतं. पुढं गणित अडायला लागल्यावर त्यानं भीतीपोटी निरोप अडवायला सुरुवात केली.

त्या रात्री थोरलीचे अब्बा म्हणाले, "शाळा बदलू. एवढी फी भरून अकरा मार्क?" मी म्हटलं, "आधी मला एकदा मोठ्या सिस्टरना भेटू द्या."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. ऑफिसबाहेरच्या बाकावर बुरखा सावरून बसले होते. काय बोलायचं, कोणत्या भाषेत बोलायचं, याचीच धास्ती होती. आत गेले तर सिस्टर स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या आधी." त्या मूळच्या वसईकडच्या. वसईच्या ख्रिस्ती लोकांची घरची भाषा मराठीच, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या टेबलावर 'सुवार्ता'चा अंक होता. वसईहून निघणारं ते ख्रिस्ती समाजाचं मराठी मासिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे कित्येक वर्षं संपादक होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच. मी म्हटलं, "आमच्याही घरी असंच एक मराठी मासिक येतं." त्या हसल्या आणि माझी भीती निम्मी गेली.

मी सगळं सांगितलं. पोरीची चूक लपवली नाही. मग म्हटलं, "सिस्टर, चूक तिची आहे, माझीही आहे. पण एक विचारते. तुम्ही कळवलं म्हणता, ते कुणाला कळवलं? फोनला. मला कुणी कळवलं?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. आता नियम दाखवतील, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पूर्वी आम्ही डायरीत लिहायचो आणि सही मागायचो. सही कुणाची आहे ते तरी बघायचो. ॲप आलं आणि आम्ही बघायचंच सोडून दिलं."

तिथून दोन गोष्टी सुरू झाल्या. महत्त्वाचे निरोप मराठीत आणि आवाजात पाठवायला लागले. टीचर स्वतःच्या आवाजात बोलून पाठवतात, त्यामुळे वाचता न येणाऱ्या आजीलाही ते ऐकता येतात. दुसरी गोष्ट, महिन्यातल्या दोन शनिवारी शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आयांसाठी तासभर वर्ग. पहिल्या शनिवारी आम्ही सातजणी होतो. त्यात दोन बागवान भाभी, एक धुणीभांडी करणाऱ्या ताई, एक पोलिसाची बायको. ॲप कसं उघडायचं, पासवर्ड आपला आपण कसा ठेवायचा, इंग्रजी मजकूर मराठीत कसा करून बघायचा, पुस्तकातला क्यूआर कोड कसा वाचायचा, एवढंच शिकवलं. बालभारतीच्या पुस्तकांवरचे ते काळे-पांढरे चौकोन मी रोज बघत होते. फोन त्यावर धरला की 'दीक्षा' ॲपवर त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो, हे मला त्या दिवशी कळलं. धाकट्याच्या पुस्तकावरही ते होते. फुकटची चीज घरात पडून होती.

या कोडची गोष्ट सिस्टरनीच सांगितली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरायला लागले आणि पुढं ती कल्पना राज्यभर गेली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. सिस्टर म्हणाल्या, "बघा, हे काही श्रीमंत शाळेतून निघालेलं नाही. खेड्यातल्या सरकारी शाळेतून आम्ही कॉन्व्हेंटवाल्यांनी शिकलं." त्यांचं हे मोकळेपण मला आवडलं.

आता गणिताचं. वर्गात मोठा स्मार्ट फळा आहे. त्यावर अपूर्णांकाचे रंगीत व्हिडिओ दाखवतात. थोरली म्हणायची, "बघताना सगळं समजतं, वहीत करायला घेतलं की जात नाही." मी हे सिस्टरना सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः वर्गावर गेल्या, व्हिडिओ अर्ध्यात थांबवला आणि मुलांना म्हणाल्या, "आता पुढचं तुम्ही सांगा." निम्म्या वर्गाला सांगता आलं नाही. मग टीचरनी फळा बंद करून खडू घेतला. तेव्हापासून त्या वर्गाची पद्धत ठरली. आधी खडू-फळ्यावर, मग वहीत, आणि शेवटी उजळणीला व्हिडिओ. घरी मी चपातीचे तुकडे करून तिला पाव आणि पाऊण दाखवले. सासूबाईंनी तर हिश्शांचं गणित काढलं. वडिलांच्या मागं एक मुलगा आणि एक मुलगी असली तर मुलाला दोन वाटे, मुलीला एक, मग एकूण वाटे किती आणि मुलीचा हिस्सा कितवा? थोरलीनं पटकन उत्तर दिलं, एक तृतीयांश. दादी-नातीचं गणित असं जमलं.

तिच्या अब्बांना मी फळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं तरी वेगळं काय आहे? सीएनसी मशीन आलं, आकडे पडद्यावर दिसतात. पण जॉब उतरवला की मायक्रोमीटरनं माप घ्यावंच लागतं. पडद्यावर बरोबर दिसलं म्हणून माल पाठवला तर परत येतो." शाळा बदलायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षी, सातवीत, थोरलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी छपाईच्या इतिहासावर प्रकल्प करायचा होता. तिनं फोनवर शोधून दहा मिनिटांत चार पानं भरली. त्यात एक वाक्य होतं की फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे भारतात देवनागरीत छापलेलं पहिलं पुस्तक. टीचरनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, "कशावरून?" आम्ही दोघी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. १८५० साली सुरू झालेलं हे आपल्या गावातलं ग्रंथालय. मी त्याच्यावरून शंभरदा गेले असेन, आत पहिल्यांदाच गेले. तिथं छपाईच्या इतिहासावरची दोन पुस्तकं मिळाली. माय-लेकी शेजारी बसून वाचत होतो. मराठी पुस्तक मी वाचून दाखवायचे, इंग्रजी ती.

जे कळलं ते मजेशीर होतं. भारतात पहिलं छापण्याचं यंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरलं. खरं तर ते जेझुइट पाद्री ॲबिसिनियाला घेऊन निघाले होते, पण ते गोव्यातच राहिलं आणि तिथल्या सेंट पॉल कॉलेजात बसवलं गेलं. म्हणजे या देशातलं पहिलं छापयंत्र एका कॅथलिक विद्यालयातच लागलं. पुढं थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. पण रोमन अक्षरांत! देवनागरीचे खिळे तेव्हा तिथं तयार नव्हते. देवनागरी अक्षरांत मराठीचं व्याकरण छापून निघालं ते १८०५ मध्ये, बंगालात श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या हातून. अ. का. प्रियोळकरांसारख्या अभ्यासकांनी छपाईचा हा इतिहास आयुष्य घालून शोधून ठेवला आहे.

मी थोरलीला म्हटलं, "भाषा मराठी, पण अक्षरं परकी. मग शेजारच्या मराठी माणसाला ते वाचता आलं असेल का?" ती म्हणाली, "नाही. तुझ्या ॲपसारखंच झालं." आम्ही दोघी हसलो. त्या विषयावर आम्हाला हसता आलं, ते तेव्हा पहिल्यांदाच.

प्रदर्शनाच्या दिवशी सिस्टरनी आणखी एक नाव सांगितलं, कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर लाफाँ यांचं. हे बेल्जियमचे जेझुइट १८६५ मध्ये तिथं आले. फोनोग्राफसारखी नवी नवी यंत्रं आणून ते विज्ञान शिकवायचे. जगदीशचंद्र बोस त्यांचेच विद्यार्थी. पण फादर फक्त वर्गात थांबले नाहीत, गावातल्या सामान्य लोकांसाठी ते जाहीर व्याख्यानं द्यायचे, प्रयोग करून दाखवायचे. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये भारतीयांसाठी विज्ञानसंस्था काढली, तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मला वाटलं, आमचा शनिवारचा वर्ग म्हणजे त्याच परंपरेतलं लहानसं पाऊल. यंत्र आणलं तर ते आई-बापांनाही दाखवायचं.

अलीकडे आता एआयची भर पडली आहे. मुलं प्रश्न टाकतात आणि निबंध तयार मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकननं या कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक मोठं टिपण काढलं, त्यात शिक्षणाबद्दलही लिहिलं आहे. शिक्षक समोर असण्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही, असं त्याचं म्हणणं असल्याचं सिस्टर सांगत होत्या. आपल्याला हे नवीन नाही. इल्म उस्तादासमोर बसून घ्यावं, हा आपला जुना रिवाज. हिराच्या गुहेतल्या पहिल्या संदेशात वाचण्याचा हुकूम आहे आणि कलमाचा उल्लेखही आहे, हे आपल्या घरातलं लहान मूल जाणतं. कलम हेही साधनच. साधनाला कुणी हराम म्हणू नये आणि त्याच्या भरवशावर पोरांना सोडूही नये.

कोल्हापुरात तर आपल्याला सबब सांगायला जागाच नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये इथं मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही तिची साक्ष देतं. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दंड ठेवला. त्यात माझ्या मते एक शहाणपण होतं. शिक्षणाची जबाबदारी एकट्या मुलावर किंवा एकट्या मास्तरांवर नाही, घरावरही आहे, हे राजानं जाणलं होतं. आज आपण मुलाच्या हातात फोन देतो, शाळा ॲपवर निरोप टाकते आणि दोघंही जबाबदारीतून मोकळे होतो.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. शनिवारच्या वर्गाला अजूनही पंधरा-सोळाच आया येतात. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना शनिवारी कामावरून सुट्टी मिळत नाही. वडील तर एखाद-दुसराच. मराठी निरोपही कधी कधी विसरतात, मग मी फोन करून आठवण देते. थोरली गणितात पहिली आली नाही. सातवीच्या शेवटी तिला पन्नासपैकी एकतीस मिळाले. पण ते एकतीस तिनं स्वतः येऊन सांगितले, मी ॲप उघडायच्या आधी.

माझ्या बहिणींना मी एवढंच सांगेन. शाळा कॉन्व्हेंट असो, उर्दू असो की महापालिकेची, ॲपचा पासवर्ड मुलाकडे ठेवू नका. रोज संध्याकाळी मगरिबनंतर पाच मिनिटं मुलाला शेजारी बसवून आजचे निरोप बघा. इंग्रजी येत नसेल तर त्याच्याकडूनच वाचून घ्या, पण फोन आपल्या हातात ठेवा. कळलं नाही तर शाळेत जाऊन विचारा. बुरखा घालून गेलो, मराठीत बोललो, म्हणून कुणी आपल्याला कमी लेखेल ही भीती बरेचदा आपल्याच मनात असते. आणि कुणी कमी लेखलंच, तरी लेकरू आपलं आहे, विचारायचा हक्क आपला आहे.

आणि मुलानं काही लपवलं तर आधी हे विचारा की सांगायची वाट आपण मोकळी ठेवली होती का. बिंदू चौकात त्या दिवशी मी पोरीला मारलं असतं, तर तिनं पुढचा पेपरही लपवला असता.

थोरली आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात ॲपवर निरोप आला, इंग्रजीतच होता. मी अक्षर अक्षर लावून वाचायला लागले. ती शेजारी येऊन बसली, मोठ्यानं वाचून दाखवेल असं वाटलं, पण गप्प राहिली. विज्ञानाची चाचणी सोमवारी आहे, एवढं मला माझं मलाच कळलं. मी वर बघितलं तेव्हा ती हसत होती. म्हणाली, "अम्मी, समजता तेरे कू."